दोन नळ्या, एक घोडा

“कोणाला पटायचं नाही, पण ही नळी घासायला घेतली तेव्हा त्या अमेरिकन कारागिराला मिसरूड फुटत होतं, आणि घासून संपली तेव्हा त्याला नातवंडं झाली होती,” मांडीवरची बंदूक कुरवाळत आप्पा दळवी म्हणाले, तशी वाडी सरसावून बसली. देवरूखच्या डोंगरातली ती वाडी. देवळापुढे धोंडू रानडुकराचे वाटे घालत होता. मानाची मुंडी आप्पांच्या पायाशी ठेवलेली, कारण बार त्यांचा.

मैना मागे उभी होती, रिकामी टोपली घेऊन. तिला वाटा नव्हता. हाक्यात, म्हणजे ओळीने रान उठवताना, माणूस दगावला, तर त्याच्या घरी दर पारधीचा वाटा पोचवायचा, ही गावची रीत. हाकाऱ्यांची ओळ मोडून पुढे धावला असेल, तर मात्र नाही. तिचा नवरा विठू गेल्या साली आप्पांच्याच गोळीने गेला. आप्पांनी देवासमोर सांगितलं, पहिल्या बाराला डुक्कर पडलं, त्याच्या पाठोपाठ दुसरी नळी आपोआप उडाली; विठूच ओळ सोडून डुकरावर धावला होता. गावाने मान डोलावली. तेव्हापासून मैनेची पोरं ऐकत होती, की तुमचा बाप हावरा.

“आप्पा, नळ्या दोन आणि घोडा एकच कसा?” मुंबईहून आलेल्या हरिश्चंद्राने विचारलं.

आप्पा खुलले. “तीच तर म्हाताऱ्याची अक्कल. आमची आगबोट न्यूयॉर्कला लागली, तेव्हा त्याने ही मला दिली. हा चांदीचा मासा बघ, दस्त्यावरचा. पावसाळ्यात शेपूट हलवतो. आणि नळीच्या आत अशा वळशाच्या खाचा पाडल्यात, की मुंगी शिरली तर गरगरत बाहेर येते नि दोन दिवस झोपून राहते.”

“तुमच्या घरच्या मुंग्या आप्पा, आळशीच असायच्या,” सदू म्हणाला. सगळे हसले.

“हस मेल्या. वरची नळी उडाली की हा खटका दाबायचा. नळ्या हाताने फिरवायच्या, खालची वर आणायची. मग घोडा ओढायचा, नेम धरायचा, तेव्हा कुठे चाप.”

“आणि नाय फिरवल्या तर?” मागून मैनेने विचारलं.

कोण विचारतंय ते आप्पांनी पाहिलंच नाही. “तर काय, खालची नळी मुकी. घोडा तिच्यापर्यंत पोचतच नाही. भूकंप झाला तरी ती आपली आपण उडायची नाही.”

धोंडूचा कोयता थांबला. आप्पांनी मान वळवली आणि बंदूक मांडीवरून खाली घेतली.

“खोटं बोललात तुमी, आप्पा,” मैना म्हणाली. “देवासमोर. नळ्या तुमी फिरवल्यात, घोडा तुमी ओढलात. करवंदीच्या जाळीत कायतरी हललं नि दुसऱ्या मुंडीच्या आशेनं बार टाकलात. माजा माणूस ओळीतच होता.”