संपातली मॅडम

साधनानं दारामागच्या खिळ्यावरची चावी काढली आणि पदराआड मुठीत धरली. बाहेर ओट्यावर वामनराव बसले होते. त्यांचा चहा केव्हाच पिऊन झाला होता, पण कपबशी खाली ठेवायला ते तयार नव्हते. हातात कपबशी असलेल्या माणसाला कोणी ऊठ म्हणत नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

“वयनी, म्या काई सरांच्या विरोधात बोलून नाई राह्यलो,” ते म्हणाले. “पन लेकराईकडं तं पाहा. दिवसभर नाल्यात खेकडे धरून राह्यले. आमची वैष्णवी काल तुरीच्या कुटाराच्या ढिगात झोपून होती, सांजलोक सापडली नाई. घरात डी.एड. झालेली बाई हाय अन् शाळेले कुलूप, हे बरं दिसते काय?”

वामनराव शाळा समितीचे अध्यक्ष होते आणि वैष्णवी त्यांची नात. गावात त्यांचा शब्द चालायचा, म्हणून ते हळू बोलायचे.

“तुमी व्हा पुढं,” साधना आतूनच म्हणाली. “म्या साडी बदलून येते.”

तिचा नवरा अतुल हा बेलदरीच्या शाळेचा गुरुजी. तो पहिल्या गाडीनं महागावला गेला होता. तहसीलसमोर मंडप पडला होता. तिथं शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, नर्सबाया अशा सगळ्यांनी जुन्या पेन्शनसाठी संप पुकारून ठाण मांडलं होतं. शाळेचे दुसरे गुरुजी महागावलाच राहत, ते तिकडूनच मंडपात बसत. निघताना अतुलनं ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेली पांढरी टोपी घडी करून खिशात घातली आणि म्हणाला, “कोनी चावी मांगली तं देऊ नको.”

चावी तिनं कोणाला दिली नाही. ती स्वतःच घेऊन गेली, आणि नवऱ्याचा शब्द आपण मोडलेला नाही अशी वाटेत मनाची समजूतही घालून घेतली. शाळा घरापासून चार घरं पलीकडं होती म्हणून बरं, एरवी ती समजूत तेवढी टिकली नसती.

साधना डी.एड. झाली तेव्हा तिच्या माहेरी, नेरकडं, घराघरातली पोरगी डी.एड.ला होती. स्थळं यायची ती पोरगी दिसते कशी हे मागून विचारायची, डी.एड. झाली का हे आधी. तिचा निकाल लागला आणि भरती बंद पडली. मग परीक्षा आल्या, त्या ती पास झाली. मग भरती निघणार, निघणार अशा बातम्याच निघत राहिल्या. अतुलला नोकरी होती, तेव्हा लोक म्हणायचे, एका घरात एक पुरे झाली की. यावर ती हसायची. हसायची सवय झाली होती, पण राग काही गेला नव्हता.

कुलूप उघडलं तसा कोंडलेल्या खडूचा वास तिच्या अंगावर आला. पोरं आधी दाराशीच घुटमळली. काकूला काय म्हणायचं हे त्यांना कळेना. वैष्णवीनंच धीर करून “मॅडम” म्हटलं आणि लाजून तोंड दप्तरात खुपसलं.

शाळा सुरू झाली म्हणून खिचडी शिजवणाऱ्या विमलताईंनीही चूल पेटवली. त्यांच्याकडून साधनानं ओटीभर चिंचोके आणले. दहा-दहाच्या पुरचुंड्या बांधल्या आणि सुटे चिंचोके कमी पडले की एक पुरचुंडी सोडायची, असं पोरांना दाखवलं. हातच्याची वजाबाकी वैष्णवीला वर्षभर छळत होती. तिनं पुरचुंडी सोडली, चिंचोके मोजले आणि तिच्या तोंडून “हाऽऽ” असा लांब आवाज निघाला. साधनाला त्या वेळी जो आनंद झाला, तो तिला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. हे कोणाला सांगायची मात्र सोय नव्हती.

संध्याकाळी अतुल आला तो घसा बसवून घेऊनच. घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज गेला होता. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, अर्धा प्यायला आणि तसाच हातात धरून बसला.

“किसनसिंग सरची बायको आलती आज मंडपात,” तो म्हणाला.

किसनसिंग सर पलीकडच्या तांड्यावरच्या शाळेत होते. अतुलच्याच भरतीत लागलेले. मागच्या उन्हाळ्यात ते फळ्यापुढं उभे होते, तिथंच कोसळले आणि गेले.

“जुन्यात असते तं तिले घर चालवन्यापुरती पेन्शन भेटली असती. आता जे भेटते ना, ते माइकवर सांगाले लाज वाटली बाईले. नुसती उभी राह्यली अन् खाली बसली.” त्यानं तांब्या ठेवला. “म्या तिच्याकडं पाहूच नाई शकलो. मले तिथं तूच दिसून राह्यली होती.”

साधनाच्या पदराला खडूची भुकटी लागली होती. तिनं पदर खोचून घेतला आणि भाकरी थापायला बसली. सांगावं असं दोनदा तोंडापर्यंत आलं. पण हा माणूस आपल्यासाठी दिवसभर उन्हात बसतो आणि आपण त्याच्यामागं कुलूप उघडतो, हे कोणत्या शब्दात सांगायचं? तिनं भाकरी उलटली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शाळेत गेली, आणि तिसऱ्याही.

गावात तोवर बोलण्याला जोर चढला होता. पारावर दुसरा विषयच नव्हता. आमच्या कापसाले भाव नाई, आमाले कोन पेन्शन देते? बसल्या जागी पगार, वरून सुट्ट्या, अन् आता मरेलोक पोसा म्हनते! साधना पाण्याला जाता-येता हे ऐकायची. यातलं सगळंच खोटं आहे असं तिला म्हणता येत नव्हतं, आणि किसनसिंग सरांची बायकोही डोळ्यांपुढून हलत नव्हती. दोन्हीकडचं पटणाऱ्या माणसाचे फार हाल होतात.

वामनरावांचा मुलगा पिंटू बी.एड. होऊन घरीच होता. त्यानं शाळेच्या खिडकीतून साधना शिकवतानाचा व्हिडिओ काढला आणि स्टेटसला ठेवला. तो कुठून कुठं फिरला कोणास ठाऊक. दुपारपर्यंत कोण्या चॅनलवाल्यानं त्यावर मोठ्या लाल अक्षरांत ‘संपकरी गुरुजींना गावाची चपराक’ असं लिहून टाकलं होतं.

त्या दिवशी अतुल लवकर आला. चप्पल काढली, हातपाय धुतले, खिळ्याकडं पाहिलं. चावी जागेवर होती.

“शेजारी तलाठी बसला होता,” तो म्हणाला. “त्यानं मोबाईलमंधी दाखवलं. म्हने, सर, तुमच्याच गावची शाळा दिसते. हे मॅडम कोन हो?”

“मंग?”

“म्या म्हनलं, मले माहीत नाई.”

साधना परातीतली तूर निवडत होती. तिचा हात थांबला. त्यानं शिव्या दिल्या असत्या, परात उधळली असती, तरी चाललं असतं. ‘माहीत नाई’ हे मात्र तिला फार लागलं.

“म्या तुमच्या विरोधात नाई गेली,” ती म्हणाली. “म्या शाळेत गेलती.”

“एकच झालं ते! म्या कोनासाठी बसलो तिथं उन्हात? माह्यासाठी? म्या गेल्यावर तुले दोन घास सुखाचे भेटावे म्हनून बसलो ना?”

“तुमी गेल्यावरचं मांगून राह्यले तुमी.” तिचा आवाज चढला नव्हता. “म्या जिती हाय तवाचं काय?”

अतुलनं खिशातली टोपी काढून खिळ्याला अडकवली. त्याच्यापाशी या प्रश्नाची घोषणा नव्हती. इतक्यात बाहेरून विमलताईंची हाक आली. गावकरी पारावर जमले होते आणि मॅडमला बोलावलं होतं.

“जा,” अतुल म्हणाला. “तुलेच बलावलं.”

पारावर दिवेलागणीलाच चांगली गर्दी झाली होती. वामनरावांनी साधनाला खुर्ची दिली. बाईला पारावर खुर्ची मिळाल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. त्यांनी आधी तिची तोंडभरून स्तुती केली. त्यांची नात आता वजाबाकी करते, हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर भरून आला. त्यात काही नाटक नव्हतं.

“तं आपन असं करू,” ते पुढं म्हणाले. “सरकारले गावाच्या वतीनं लिहून देऊ. संपवाले बसू द्या तिथंच. आमच्या गावचे शिकलेले लोकं अर्ध्या पगारात शिकवाले तयार हाय. माहा पिंट्या तयार हाय. अन् मॅडम तं शिकवूनच राह्यल्या. बोला वयनी, तुमी कितीवर येसान?”

इतक्या वर्षांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं. परीक्षा झाल्या, निकाल झाले, पण तुम्ही कितीवर येता असं विचारायला एक माणूस आला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात जे उत्तर आलं, ते अर्ध्याहूनही कमी होतं. फुकटसुद्धा या, असं म्हटलं असतं तर ती उद्या सकाळी साडीला पिन लावून निघाली असती. तिला स्वतःचीच भीती वाटली.

समोर बायांमध्ये विमलताई बसल्या होत्या. ऐन तारुण्यात नवरा गेलेली बाई. खिचडीच्या चुलीपुढं तिचे केस पिकले. तिलाही एकदा असंच विचारलं असेल, कितीवर येते म्हणून, आणि तिनंही आनंदानं हो म्हटलं असेल. विमलताई साधनाकडं एकटक पाहत होत्या.

साधनानं पदर सारखा केला.

“पेन्शन राहीन काय?” तिनं विचारलं.

मागं कोणीतरी फिसकन हसलं, पण सोबत कोणी हसत नाही असं पाहून गप्प झालं. पिंटूनं मोबाईलमधली मान वर काढली आणि बापाकडं पाहिलं. त्यालाही हे विचारायचं सुचलं नव्हतं.

“वयनी, तुमी तं सरांचंच बोलले,” वामनराव कसनुसं म्हणाले.

“सरांचं नाई, भाऊजी. माह्यं इचारलं म्या.”

ती उठली. खुर्ची तिनं स्वतःच उचलून भिंतीला लावली आणि घरी आली. अतुल अंधार पडला तरी दिवा न लावता बसला होता. दोघं जेवली. दुसऱ्या दिवशी पोरं दाराशी येऊन गेली. तिनं तव्यावरची नजर वर केली नाही, चावी खिळ्यावरच राहिली.

संप मिटला तो पाडव्याच्या तोंडावर. वर कुठंतरी समिती बसली होती, शब्द दिला गेला होता. पदरात काय पडलं हे अतुललाच नीट सांगता येत नव्हतं. गावात लोक त्याला “काय सर, भेटली काय पेन्शन?” असं विचारायचे आणि उत्तराची वाट न पाहता पुढं जायचे.

बेलदरीत पाडव्याला पोरं गुरुजींच्या घरी पाट्या घेऊन येतात. गुरुजी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून देतात, मग पोरं घरी नेऊन तिला फूल आणि गाठी वाहतात. यंदा कोणी येतं की नाही, असं अतुलला वाटत असावं. सकाळीच अंघोळ करून, खडू घेऊन तो ओट्यावर बसला होता, पण नजर वाटेकडं होती. साधना गुढीला कडुलिंबाचा डहाळा बांधत होती.

पहिली आली ती वैष्णवी. तिच्यामागं चार-पाच पोरं कुंपणाशी थांबली.

“आन पाटी,” अतुल म्हणाला.

वैष्णवीनं पाटी पाठीमागं धरली आणि साधनाकडं पाहिलं.

अतुलचा हात तसाच पुढं राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग तो सरकला, ओट्यावर जागा केली आणि खडू साधनापुढं धरला.

“घे,” तो म्हणाला. “मॅडमच पाह्यजे त्याईले.”

साधना बसली. हात गुढीच्या हळदीकुंकवानं माखले होते, ते पदराला पुसले. पाटी मांडीवर घेऊन तिनं एकाचा एकेक आकडा काढायला सुरुवात केली. पोरं कुंपणाशी उभी होती ती ओट्याला येऊन चिकटली. अतुल बाजूला बसून प्रसादासाठी कडुलिंबाची पानं खुडू लागला. सरस्वतीचा मुकुट झाला, हात झाले.

“मॅडम,” वैष्णवी पाटीवर वाकून म्हणाली, “तुमी आता शाळेत कवा येसान?”

साधनानं शेवटची रेघ पुरी केली.

“पुन्हा संप झाला की.”

वैष्णवीनं पाटी घेतली. दोन पावलं गेली, थांबली. तिला काहीतरी सुचलं होतं. ती अतुलकडं वळली.

“सर, मंग तुमी संपाले कवा जासान?”

अतुलच्या हातातली पानं परातीत पडली. तो लेकीएवढ्या त्या पोरीकडं पाहत राहिला आणि मग बायकोकडं. साधना मान खाली घालून खडूचं टोक झटकत होती. तिनं पुढच्या पोराची पाटी मागितली.