यंत्र चाललं, तिथेच घोटाळा झाला

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मार्क कसे द्यायचे, याचे लेखी नियम विभागप्रमुखांच्या कपाटात होते आणि कपाटाची किल्ली सापडत नव्हती. त्यामुळे सगळा कारभार अलिखित नियमांवर चाले, आणि तो झकास चाले. परीक्षेच्या दिवशी यंत्र चालायचं नाही. मुलांनी खाली बघत "काल चालत होतं, सर" म्हणायचं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी "होतं असं कधीकधी" म्हणून मान डोलवायची, जाडजूड अहवालाची पानं अंगठ्याने फर्रकन उडवायची, "यात पुढे काय सुधारणा करता येतील?" एवढं विचारायचं, आणि बरे मार्क देऊन चहाकडे वळायचं. न चालणारं यंत्र म्हणजे पोरांनी स्वतः केलेलं, हे उघडच होतं. चालणारं यंत्र मात्र दुकानातून तयार आणलेलं असे. त्याला नापास, म्हणजे अख्खं वर्ष पाण्यात.

बारकीचं यंत्र चाललं.

ते चालेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वर्गात सगळ्यांत ठेंगणी म्हणून ती बारकी, आणि तिचा जोडीदार भोंगा, कारण तो कुजबुजला तरी खालच्या मजल्यावर ऐकू जाई. दोघांनी लसूण सोलायचं यंत्र केलं होतं. रंगाचा रिकामा डबा, त्याच्या आत रबराचं अस्तर, खाली मिक्सरची मोटर, वर हेअर ड्रायरचा पंखा. वर्षभर या यंत्राने लसूण चेचला, भिंतीवर फेकला, एकदा भोंग्याच्या कपाळावर हाणला. म्हणून दोघांनी नीट तालीम केली होती. भोंग्याने तोंड पाडायचं आणि बारकीने वाक्य म्हणायचं.

तिने बटण दाबलं. डबा गुरगुरला, सालं भुर्रकन वर उडाली आणि पांढऱ्याशुभ्र पाकळ्या टपाटप ताटलीत पडल्या. एकीलाही ओरखडा नाही.

"काल चालत नव्हतं, सर," बारकीच्या तोंडून निघून गेलं.

परीक्षक खुर्चीत ताठ झाले. विभागप्रमुखांचा चेहरा घरात पाल दिसल्यासारखा झाला.

"कुठून आणलंत?" त्यांनी विचारलं.

"आम्ही केलंय, सर."

"असं सगळेच म्हणतात."

"सगळे कुठे, सर?" भोंगा म्हणाला. "ज्यांचं चालत नाही त्यांना कुणी विचारतच नाही."

परीक्षकांनी एक पाकळी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. "इतकी स्वच्छ तर मीसुद्धा सोलत नाही. आणि आमच्या घरी हे खातं माझ्याकडे आहे."

लेक इंजिनिअर झाली, हे बारकीच्या आईने अख्ख्या गल्लीत आधीच जाहीर करून टाकलं होतं. आता नापास झाले तर गल्ली बदलावी लागणार.

"बरं, आत अस्तर कसलं आहे?" परीक्षकांनी विचारलं.

"सायकलच्या ट्यूबचं," भोंगा म्हणाला.

"चपलेचं," बारकी त्याच दमात म्हणाली.

"झालं!" विभागप्रमुखांनी टेबलावर थाप मारली. "स्वतःच्या यंत्रात काय आहे तेही ठाऊक नाही. सर, नापासच करा."

पण भोंगा तिकडे बघतच नव्हता. तो बारकीकडे वळला होता. "माझी ट्यूब काढलीस? मला न विचारता?"

"तू डुलक्या काढत होतास! आणि तुझ्या ट्यूबने काय दिवे लावले? लसणाचा नुसता लगदा!"

"अगं, ती ट्यूब मी तीन दुकानं पालथी घालून आणली होती. आणि चपला कुणाच्या?"

बारकीने मोटरकडे बघितलं.

"कुणाच्या, बारके?"

"तुझी. एकच कापलीय."

"माझी? मी ती शोधून शोधून वेडा झालोय! वेंधळा, वेंधळा म्हणून आईने घर डोक्यावर घेतलंय!"

"दुसरी जपून ठेवलीय ना मी. ही झिजली की लागेल."

"वा! आणि वेग कुणी कमी केला? मी! तुझ्या वेगाने माझं कपाळ फुटलं असतं!"

"अरे हळू बोला, ही परीक्षा आहे!" विभागप्रमुख ओरडले.

"थांबा हो," परीक्षक म्हणाले. त्यांनी हनुवटीखाली हात घेतला होता. "आत्ता कुठे रंगात येतंय." मग त्यांनी डबा उघडायला लावला. आत चपलेचा तळ गोल वळवून बसवला होता आणि त्यावर अंगठ्याचा झिजलेला ठसा स्पष्ट दिसत होता.

"विकतच्या वस्तूवरून माणसं असं भांडत नाहीत," परीक्षक म्हणाले. "त्यासाठी दुकानदाराशी भांडतात. यांनीच केलंय हे. पैकीच्या पैकी द्या."

"पैकीच्या पैकी द्यायची आपल्याकडे पद्धत नाही, सर," विभागप्रमुख हळूच म्हणाले.

"मग एक कापा. हिचा. त्याची चप्पल गेलीय, त्याला पूर्ण द्या."

भोंग्याने बारकीकडे असं काही पाहिलं, की चप्पल परत मिळाली असती तरी त्याने घेतली नसती. आणि बारकी, एक मार्क गमावूनही, दात दाखवून हसत सुटली. विभागप्रमुखांनी "तपासणीसाठी" म्हणत आणखी मूठभर लसूण डब्यात टाकला. मग आणखी एक मूठ. बटणाला ते आता कुणाला हात लावू देईनात.

बाहेर व्हरांड्यात पोरांनी दोघांना घेरलं. "काय विचारतात रे?"

"काही नाही," भोंगा कुजबुजला, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. "आपापसांत भांडा. सरांना भांडण आवडतं."

पुढच्या गटातले दोघे ऐटीत आत गेले. कपडे कडक इस्त्रीचे, आणि यंत्रावरचं दुकानाचं प्लास्टिकही अजून निघालं नव्हतं. दार लागलं. मग आतून आवाज आला.

"मी म्हणतो, निळी वायरच बरोबर होती!"

"बरं."

"अरे, बरं काय? नाही म्हण ना!"