दोन मात्रांची खोट

पुष्करने कापसाचा बोळा नीट वळला आणि उजव्या कानात दाबून बसवला. डाव्या कानासाठी दुसरा वळायला घेतला, तेवढ्यात अश्लेषाने त्याचा हात धरला.

"बाबा, प्लीज यार. आपण फ्रंट रोमध्ये आहोत. लोक बघतायत."

"बघू देत. कान माझे आहेत."

लेकीला या पुढच्या रांगेचं केवढं अप्रूप! पास खुद्द विक्रांतने दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी पाठवले होते. विक्रांत म्हणजे 'तिवई' बँडचा म्होरक्या. वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात तिघांनी मिळून हा बँड काढला होता. विक्रांत गिटार वाजवायचा, दामू संबळ, आणि पुष्कर गाणी लिहून गायचा. गोंधळाचा संबळ आणि रॉकची गिटार एका गाण्यात, हे तेव्हा कुणाला पचलं नव्हतं. आता सगळ्यांना पचत होतं, कारण पचायला जड असं त्यात काही उरलंच नव्हतं, असं पुष्करचं ठाम मत होतं.

स्टेजवर चाललेलंच घ्या. मुखडा हिंदी, मधे दोनदा पंजाबी 'होय होय', आणि शेवटी फोडणीपुरता संबळ. समोर गुरुग्रामच्या ऑफिसांतली मंडळी, गळ्यातली ओळखपत्रंसुद्धा न काढता, हात वर करून डोलत होती. पुष्करच्या जागी आलेला राघव नावाचा पोरगा गाण्यापेक्षा केसच जास्त सांभाळत होता. आणि दामू! कॉलेजात अकाउंट्सला दरवर्षी लटकणारा हा गडी आता जरीचं जाकीट घालून, कपाळावर गॉगल चढवून, कमरेला संबळ बांधून मिरवत होता. पुष्करला त्याच्याकडे बघवत नव्हतं, आणि नजर तर तिथून हलत नव्हती.

दामूसाठी त्याने एक वाक्य घरूनच तयार करून आणलं होतं.

झालं होतं असं, की विक्रांतला बँडचा पहिला अल्बम पुन्हा काढायचा होता. 'ओली भिंत' त्याचं नाव. निघाला तेव्हा त्याला कुत्रंही विचारत नव्हतं. गाणी पुष्करची, त्यामुळे त्याच्या होकाराशिवाय पान हलणार नव्हतं. पुष्करने फोनवर एकच अट घातली.

"'किल्ली'तली दामूची चूक आधी काढ. आता कॉम्प्युटरवर चुटकीसरशी होतं. ती काढलीस तर हो, नाहीतर नाही."

विक्रांत म्हणाला, "शोला ये. दामूच्या समोरच बोलू."

'किल्ली' या गाण्यात मधे सगळी वाद्यं थांबतात आणि संबळ एकटा वाजतो. त्याचं आवर्तन पुरं झालं, की बरोबर समेवर गायकाने 'कुणाकडे' हा शब्द घेऊन यायचं. पण रेकॉर्डिंगमध्ये नेमका तिथेच दामूचा हात अडखळला आणि दोन मात्रा गायब झाल्या. पुन्हा तेवढाच तुकडा वाजवावा, तर दामू ऐकेना. गोंधळ काय तुकड्यातुकड्याने घालतात का, असं त्याचं म्हणणं. एका खोलीत, एका दमात जे वाजलं तेच ठेवायचं. ते तसंच राहिलं, अल्बम बुडाला, आणि ज्याला आठापर्यंत मोजता येत नाही त्याच्याबरोबर मी गाणार नाही, असं सांगून पुष्कर बँडमधून बाहेर पडला. दिल्लीला आल्यापासून ऑफिसच्या पार्ट्यांत, मंडळाच्या गणपतीत, त्याने हा किस्सा इतक्या वेळा सांगितला होता, की अश्लेषाला तो तोंडपाठ होता.

"अब एक पुराना गाना," स्टेजवरून विक्रांत म्हणाला, "हमारे पहले अल्बम से. 'किल्ली'."

मैदानावर टाळ्या पडल्या त्या चार-दोन. अर्धे लोक मोमोच्या स्टॉलकडे वळले. मागून कुणीतरी म्हणालं, "चलो, तब तक कुछ खा लेते हैं."

पुष्करच्या डोक्यात तिडीक गेली. नालायक! होय होयला नाचतात, आणि हे आलं की यांना भूक लागते. त्याने दोन्ही कानांतले बोळे उपटले आणि मुठीत धरले.

गिटार सुरू झाली. राघव गायला लागला, आणि पुष्करचे ओठ आपोआप हलायला लागले. पुढच्या ओळीला छातीतून आवाज निघाला. अश्लेषा त्याच्याकडे टक लावून बघत होती, पण त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. दामूने मात्र त्याला पाहिलं होतं. वाजवता वाजवता तो स्टेजच्या कडेला, अगदी समोर येऊन उभा राहिला.

गिटार थांबली. संबळ एकटा वाजू लागला. पुष्करने श्वास भरून घेतला.

"कुणाकडे—"

शब्द दोन मात्रा आधीच सुटला. मग दामूच्या काड्या दचकल्या, मधलं काहीतरी गिळून त्यांनी उडी मारली आणि पुष्करच्या शब्दाखाली सम आणून ठेवली. शिस्तीत थांबलेला राघव माइकसमोर तोंड उघडून तसाच राहिला आणि मग धावतपळत गाण्यात घुसला.

"ढोलवाला गडबड कर गया यार," शेजारचा माणूस म्हणाला.

अश्लेषाने बापाला कोपराने ढोसलं. तिचे डोळे चमकत होते. "बाबा, हीच ना ती मिस्टेक? दामूअंकलची?"

पुष्करने मनात मात्रा मोजून पाहिल्या: आठ व्हायच्या आत, सहावरच त्याचा शब्द सुटला होता. थंडी होती, तरी त्याच्या मानेला घाम आला होता. उरलेलं गाणं त्याने ऐकलं, पण गायलं नाही.

शो संपल्यावर विक्रांतने दोघांना स्टेजमागच्या तंबूत नेलं. दामू हीटरशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून छोले-कुलचे खात होता. राघव त्याच्यासमोर कुरकुरत उभा होता.

"दामूदादा, मी बरोबर थांबलो होतो हां. तुम्हीच मला लटकवलंत."

"तू बरोबरच होतास बाळा," दामू म्हणाला. "माझं चुकलं."

विक्रांतने पुष्करच्या खांद्यावर हात टाकला. "ऐकलंस? आज परत केलं याने. तुझी अट मान्य, बाबा. ते काढून टाकू."

"काढा की," दामू ताटलीतून मान वर न करता म्हणाला. "तिथे माझा हात जातोच तसा."

सगळे पुष्करकडे बघायला लागले. 'आता तरी येतं का रे आठापर्यंत मोजता?' हे घरून आणलेलं वाक्य त्याला शब्दन् शब्द आठवत होतं. इतकं क्षुद्र वाक्य आपण आरशासमोर उभं राहून घोकलं, याची त्याला शिसारी आली. एवढा तिरस्कार त्याला त्या होय होयचासुद्धा वाटला नव्हता. मुठीतला कापूस घामाने ओला झाला होता.

"हात लावायचा नाही त्याला," तो म्हणाला. आवाज नको तेवढा चढला. "आहे तसंच निघू दे."

"पण बाबा, अंकलची चूक..." अश्लेषा म्हणाली.

"आहे तसंच."

दामूने पायाने शेजारची खुर्ची ओढली आणि ताटली पुष्करपुढे सरकवली.

"बस. घे. सावकाश, आत्ता तव्यावरून उतरलंय."

पुष्कर बसला. कुलच्याचा तुकडा मोडून, छोल्यांत बुडवून, त्याने तो घाईघाईने तोंडात टाकला आणि जीभ पोळून हाय हाय करत पाण्यासाठी हात पुढे केला.

दामूने बाटलीचं झाकण आधीच काढून ठेवलं होतं.