कामाच्या आधीचा आवाज

पेणला गाडीत बसल्याबरोबर अनिताने फोन काढला आणि एकेक करून सगळे ग्रुप गप्प केले. कॉलेजच्या मैत्रिणींचा, मावसभावंडांचा, पालखीचा, कोणी कधी न वाचणारा 'शुभ सकाळ पेण'. आज रोह्याला कंपनीत तिचं प्रेझेंटेशन होतं, मधे टुणटुण नको होती. एकाच ग्रुपवर तिचं बोट थांबलं. 'कोपरखार जोळ'. तो तिने तसाच जागा ठेवला.

जोळ म्हणजे काय ते आधी कळायला हवं. धरमतरच्या खाडीकाठी कोपरखारसारख्या गावांत शेत खाली आणि खाडी वर. मधे मातीचा एक बांध, बस. त्या बांधामागे ज्यांची ज्यांची शेतं, त्या सगळ्या घरांची मिळून एक जोळ. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडून खारं पाणी आत घुसायला लागलं, की घरटी एक माणूस धावलाच पाहिजे. मग घरात लग्न असो नाहीतर मयत. पूर्वी आरोळी द्यायचे, आता ग्रुपवर टाकतात. त्यामुळे गावात एक नियमच झालाय, की उधाणाच्या दिवसांत जोळीचा ग्रुप कोणी गप्प करायचा नाही. मागच्या साली प्रविणने केला होता, तर गणपतीत त्याच्या घरी आरतीला कुत्रं फिरकलं नाही.

आणि आज पुनवेनंतरचा दिवस होता. दुपारची भरती मोठी.

सकाळी निघताना तिचा बाप, जनू, ओट्यावर विडी विझवत म्हणाला होता, "उघाडीच्या अंगाला माती खचतेय गो बाय. तुज्या सायबाला सांग, पोकलेन पाठव म्हनावं. हातानं नाय भागायचं."

"सांगते बाबा."

सांगते म्हणाली खरी. सांगून झालं होतं तिचं, तेही एकदा नव्हे. कंपनीच्या समाजसेवेच्या खात्यात ती कंत्राटावर होती. त्या खात्याने कोपरखारचा बांध दुरुस्त करायला घेतला, तेव्हा गावाने साहेबांना नारळ, शाल, सगळं दिलं. काम झालं कुठे? रस्त्याला लागून. गाडी जाते तिथपर्यंत दगड लावले, रंग दिला, बोर्ड ठोकला. उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, ते पार खाडीच्या अंगाला. तिथे चिखलातून चालत जावं लागतं. तिथे बोर्ड नाही नि दगड नाही. अनिताने खात्याचे प्रमुख रितेश सर यांना हे सांगितलं, तेव्हा ते हसले.

"अगं, फोटोत जेवढं येतं तेवढंच प्रोजेक्ट असतं."

ही माणसं अशी आहेत. कामाला हात लावायच्या आधी फोटो कुठून काढायचा ते बघतात, आणि तो फोटो दाखवायला गावातलीच एक मुलगी शोधतात. अनिता त्यांना आयती सापडली. बोलायला चुणचुणीत, इंग्रजी अडखळत का होईना येतं, आणि बापाची शेती त्याच बांधामागे. "मुंबईच्या हेड ऑफिसच्या मॅडम खूश झाल्या ना, की तुझं पर्मनंटचं पत्र माझ्या टेबलावर," असं रितेश सर म्हणाले होते. आणि येताना नऊवारी नेसून ये, गावच्या लेकीसारखी दिस, असंही म्हणाले होते. तिच्या आईने, काशीबाईने, कपाळाला हात लावला. "मी रोज गाऊन घालते गो, आनि तू कंपनीत लुगडं नेसनार?"

कंपनीच्या बाथरूममध्ये अनिता लुगडं नेसली. हॉलमध्ये आली तर सोशल मीडियावाला मिथुन कॅमेरा लावून तयार.

"आयला, अनिता! कोळीणच वाटतेस. टोपली आणायची ना डोक्यावर."

"आम्ही कोळी नाय रे. आगरी आहोत."

"मुंबईत कोण विचारतंय?"

हॉलचा लॅपटॉप पेनड्राइव्ह घेईना. कंपनीने बंद करून ठेवलेत, चोरी होते म्हणे. तेवढ्यात मॅडमची गाडी गेटात शिरल्याचा निरोप आला आणि धावपळ उडाली. अनिताने घाईघाईत लॅपटॉपवर स्वतःचं व्हॉट्सअॅप उघडलं, स्वतःला पाठवून ठेवलेलं प्रेझेंटेशन उतरवून घेतलं. बंद करायला गेली तर मिथुन म्हणाला, "राहू दे, राहू दे, आल्या!" राहिलं.

मॅडम पहिल्या रांगेत बसल्या. शेजारी रितेश सर, मागे चाळीसेक माणसं, कडेच्या खुर्चीवर डेबोरा मॅडम. त्या माणसं भरतीच्या खात्यातल्या, रोह्याच्याच. बेने इस्रायली. घरचे सगळे केव्हाच इस्रायलला गेले, ह्या एकट्या राहिल्या. शेजारच्या अष्टमी गावातलं जुनं घर आणि ही नोकरी, एवढंच.

अनिताने सुरुवात केली. कोपरखार कुठे आहे, लोक काय करतात, भात कसा होतो. पडद्यावर हिरवं शेत. आवाज कापत नव्हता, तिचं तिलाच बरं वाटलं. मिथुनने अंगठा दाखवला.

"आता आपण समस्या बघू," ती म्हणाली, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन उगवला.

*नितेश: उघाडीजवळ पानी वरून जातंय*

तिने तो वाचला. बोलणं मात्र चालू राहिलं, तोंडाला सवय झाली होती. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

*विमलबाई: घरटी मानूस या रे लवकर*

रितेश सरांनी भुवया उडवल्या. बंद कर.

*साहिल: खांड पडली!!!*

साहिल तिचा धाकटा भाऊ. तो उगाच तीन तीन उद्गार टाकणाऱ्यातला नव्हता. अनिता लॅपटॉपपाशी गेली. तो चौकोन घालवायचा होता, घाईत भलतीकडेच दाबलं गेलं. पडद्यावरून हिरवं शेत गेलं आणि पडदाभर कोपरखारची जोळ उघडली. फोटो, हाका, शिव्या. एका फोटोत पाणी बांधाचा लचका तोडून आत येत होतं, तांबडं, गढूळ, आणि पलीकडे नुकता लावलेला भात. मिथुन ओरडला, "बाजूला हो, मी करतो," आणि त्याने जे काय दाबलं, त्याने सगळ्यात शेवटचा निरोप वाजायला लागला. हॉलच्या चारही स्पीकरमधून.

जनूचा आवाज. जनूला टाइप करता येत नाही, तो नेहमी बोलूनच टाकतो.

"अनिते... अनिते, आयकतेस का गो? खांड मोठी पडली. मानसं उभी ऱ्हात नाय पान्यात. तुज्या सायबाच्या पाया पड, खरंच पाया पड, वडखळवरनं ते पोकलेन पाठवा म्हनावं. वोहोटीत बुजवली तर बुजवली, नायतर रातच्या भरतीला सगळा भात गेला. सगळाच गेला गो..."

मागे पाण्याचा आवाज होता आणि कोणाच्या तरी रडण्याचा. मग बंद झाला.

अनिताला वाटलं, झालं. नोकरी गेली, पण सांगणं तरी झालं. आता कोणीतरी उठेल. रितेश सर फोन काढतील. वडखळला कंत्राटदाराच्या अंगणात ते यंत्र उभंच आहे, एका फोनचं काम.

पहिल्या रांगेत मुंबईच्या मॅडमनी छातीवर हात ठेवला होता. डोळे भरलेले.

"माय गॉड," त्या म्हणाल्या. "किती रिअल आहे हे. रितेश, हे कुठून मिळवलंत?"

रितेश सरांचा चेहरा पांढरा पडला होता. पण एका क्षणात ते सावरले. खरंच, एवढी चपळाई बांधावर दाखवली असती तर.

"मॅडम, हा कामाच्या आधीचा आवाज," ते म्हणाले. "आम्ही मुद्दाम तसाच ठेवला. आधी आणि नंतर, असा फरक दिसावा म्हणून."

टाळ्या पडल्या. आधी एक, मग सगळ्या.

निरोपाच्या खाली आजची तारीख होती, आत्ताची वेळ होती. पडद्यावर वीतभर आकड्यांत. कोणी वाचली नाही. ज्याला त्याला जे बघायचं होतं ते दिसलं होतं.

"मॅडम," अनिता म्हणाली. माइक चालू होता, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "हा आधीचा नाही. आत्ताचा आहे. ते माझे बाबा आहेत."

"तुझे बाबा!"

मॅडम उठल्या. सरळ पुढे आल्या आणि त्यांनी अनिताला मिठी मारली. सेंटचा वास आला. "मला कळतंय बाळा," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. "अशी दुःखं कधी जुनी होतच नाहीत."

"नाही मॅडम, खरंच आत्ता, आज..."

"इमोशनल झाली," रितेश सर हसून सगळ्यांना म्हणाले. "स्वाभाविक आहे. अनिता, पाणी पी. नेक्स्ट स्लाइड घे."

मिथुनने तोवर जोळ मिटवून टाकली होती. पडद्यावर परत प्रेझेंटेशन. अनिता उभीच. आता आणखी कसं सांगायचं असतं? स्वच्छ मराठीत सांगितलं, माइकवर सांगितलं. माणूस बहिरा असेल तर ओरडता येतं. ह्यांच्या तर डोळ्यांत पाणी होतं!

तिने कळ दाबली. पडद्यावर दगडी बांध, रंगवलेला, बोर्डासकट. वर मोठी अक्षरं: काम शंभर टक्के पूर्ण. ती अक्षरं तिनेच लिहिली होती, रितेश सर मागे उभे राहून सांगत होते तशी. तिने ती वाचून दाखवली. मिथुनचा कॅमेरा जवळ आला.

बाहेर चहा-बिस्किटं चालू असताना तिने रितेश सरांना जिन्याशी गाठलं. खरंच वाकली ती, बापाने सांगितलं होतं तशी. त्यांनी पाय मागे घेतले.

"काय करतेस? लोक बघतायत."

"सर, एक फोन करा. वडखळला. ओहोटी लागलीय, अजून वेळ आहे."

"आणि काय सांगू? बांध फुटला, या?" ते हळू आवाजात म्हणाले. "अगं, आत्ता तू आत काय दाखवून आलीस? शंभर टक्के. आज पोकलेन पाठवला तर उद्या मॅडम विचारतील, पूर्ण झालेल्या कामाला पोकलेन कशाला? डोकं वापर जरा. परवा त्या गेल्या की बघू. आणि तू मस्त केलंस हां. पत्राचं मी बोललोय."

"सर, परवा भात नसेल."

"मेल टाक मला. व्यवस्थित. फोटोसकट."

ते चहाकडे गेले.

डेबोरा मॅडम पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "मी वाचली वेळ," त्या म्हणाल्या. मग पर्समधून फोन काढून त्यांनी स्वतःच वडखळच्या कंत्राटदाराला लावला. बोलल्या, विनवलं, मग आवाज चढवला. शेवटी फोन खाली घेतला. "रितेश सरांचा फोन आल्याशिवाय डिझेल टाकत नाही म्हणतो. माझं कोण ऐकतंय गं इथे? खुर्ची मांडायची असली की बोलावतात." त्यांनी स्वतःचा रेनकोट तिच्या खांद्यावर टाकला. "तू जा. हजेरीचं मी बघते."

अनिता लुगड्यातच स्टेशनवर आली. गाडी नागोठण्याला दुसरी गाडी पुढे सोडायला थांबली ती थांबलीच. बायका तिच्याकडे बघत होत्या, कोणीतरी विचारलं, "शूटिंग हाय काय कुठं?" पेणला उतरून मिनिडोर रिक्षा धरली. खोचलेलं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं, तेव्हा बांध दिसला.

अख्खी जोळ तिथे होती. बांबू ठोकले होते, मातीच्या गोणी हातोहात पुढे जात होत्या आणि खांडीत पडल्या की विरघळत होत्या. ओहोटी होती तोवर जे झालं ते झालं होतं. अर्धीसुद्धा बुजली नव्हती. दिवस मावळायला आला होता आणि पाण्यावरचा कचरा आता उलटा, आतल्या बाजूला सरकायला लागला होता. भरती वळली होती.

रंगवलेला बांध तिकडे रस्त्याला छान उभा होता. कोरडा.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन वाजले. कमरेला, टोपीत, पिशवीत. जोळीचा ग्रुप कोणी गप्प केलेला नसतो. नितेशने चिखलाच्या बोटाने उघडला. कंपनीच्या पानावरचा व्हिडिओ होता, कोणीतरी पुढे ढकललेला. आधी बासरी वाजली. मग काळ्यापांढऱ्या चित्रात पाणी, हेच पाणी, आज दुपारचं, आणि त्यावर जनूचा आवाज: "सगळाच गेला गो..." मग रंग आले, दगडी बांध आला, लुगडं नेसलेली अनिता आली. शंभर टक्के पूर्ण, म्हणाली. खाली लोकांनी हात जोडले होते, बदाम टाकले होते. मुंबई, पुणे, कुठले कुठले.

विमलबाई, जिचं शेत उघाडीला लागूनच होतं, ती एवढंच म्हणाली, "लुगडं तुला बरं दिसतं गो," आणि गोणी उचलून पुढे गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

साहिलने बहिणीकडे बघितलंच नाही.

काशीबाईने फोन कानाशी धरून परत ऐकला. "हा तुजा बापूस हाय ना? मागं बासरी कशाला लावली?"

जनू छातीभर पाण्यात बांबूला धरून उभा होता. त्याच्यापर्यंत व्हिडिओ गेलाच नव्हता, त्याचा फोन दुपारीच भिजून बंद पडला होता. लेक दिसली तसा तो ओरडला, पाण्याच्या आवाजावरून.

"अनिते! मिलाला माझा निरोप? आयकवलास सायबाला?"

"व्हय बाबा. सगळ्यांना ऐकवला."

"मग? काय म्हनले?"

अनिताने लुगडं वर खोचलं, पाण्यात उतरली आणि त्याच्या शेजारचा बांबू धरला. पाणी पायांना आत ढकलत होतं.

"टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली.

जनूला नीट ऐकू गेलं नसावं. तो रस्त्याकडे बघत राहिला, वडखळच्या बाजूला, कुठे दिवे दिसतायत का ते.