दोन्ही टोकांना गुलाल

मी मांडूळ बोलतोय. साप आहे, पण विष नाही, फणा नाही, घाई तर मुळीच नाही. शेपटी तोंडासारखीच बोथट, म्हणून लोक मला दुतोंड्या म्हणतात. माझी तक्रार नाही. तक्रारीला अंगात थोडी ऊब लागते.

तेलगावच्या शिवारात, कपाशीच्या बांधाखाली मी बारा वर्षं काढली. बांध खोदणाऱ्या बंकटच्या कुदळीनं मला वर काढलं आणि त्याच सकाळी मी गुप्तधन दाखवणारा झालो. बंकटनं तशीच जाहिरात लिहिली. बारा वर्षांत जमिनीखाली मला एक तुटका कंगवा आणि म्हशीच्या गळ्यातली घंटा तेवढी सापडली होती. घंटासुद्धा वाजत नव्हती.

जाहिरात टाकली ती वडवणीच्या नवनाथच्या वेबसाइटवर. तिथं शेळ्या, म्हशी, कोंबड्या विकत. नवनाथचा बाप आठवडी बाजारातला दलाल. सौदा ठरला की तो जनावराच्या कपाळाला गुलाल लावी, मग कुणी मागं फिरत नसे. लेकानं तीच रीत मोबाइलवर आणली. आलेला प्रत्येक फोटो तो स्वतः बघे, बोटानं गुलालाचा ठिपका देई, मगच जाहिरात लोकांना दिसे. एकदा म्हणे त्यानं अंड्यालाही गुलाल लावला होता, आतल्या पिल्लासाठी.

माझा फोटो आला तेव्हा त्याची बायको बबिता शेजारीच होती.

"आवो, हा साप हाय. याला कावून गुलाल?"

"बाजार म्हंजी बाजार. इकणारा आन् घेणारा बघून घेतील. आपुन निस्ती जागा देतो."

माझं कपाळ कुठल्या बाजूला ते मात्र त्याला कळेना. त्यानं दोन्ही टोकांना ठिपका दिला.

गिऱ्हाईक समुद्रापलीकडचं निघालं. बंकटनं मला मोज्यात घालून पिठाच्या डब्यात बसवलं. मुंबईच्या विमानतळावर यंत्राला पिठात हाडं दिसली. मला भीती वाटली असेल, आठवत नाही.

बंकट लगेच सापडला. मग नवनाथला बीडला वनखात्याच्या कार्यालयात बोलावलं. मलाही मुंबईहून तिथंच आणलेलं, वाळूच्या टबात. वनाधिकारी यशोधरा मॅडमनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. वेबसाइट म्हणजे बाजारातला ओटा, पोत्यात काय हाय ते ओट्याला काय ठावं. साप आपण धरला नाही, इकला नाही. मॅडम म्हणाल्या, खरं आहे, नुसती जागा देणारा कायद्यानं सुटूही शकतो. मग त्यांनी माझा फोटो त्याच्यापुढं सरकवला.

"मग हा गुलाल कुणी लावला?"

नवनाथनं स्वतःच्या बोटाकडं पाहिलं.

आता वेबसाइट बंद आहे. नवनाथ सुटतो की आत जातो, ते कोर्ट ठरवील. मला रानात सोडायचा हुकूमही तिथूनच यायचाय. तोवर मी मुद्देमाल. वाचकहो, मागणं एवढंच, बोट गुलालात बुडवण्याआधी समोर काय आहे ते बघत जा. नाही बघितलं तरी मी रागावणार नाही.

दर सोमवारी नवनाथ जामिनाच्या हजेरीची सही करायला येतो. परवा पहिल्यांदाच तो टबावर वाकला, बराच वेळ वाकून राहिला.

"तोंड हिकडं हाय व्हय तुजं," हळूच म्हणाला.

तो शेपटीकडं बघत होता. मी वळलो नाही.