माहेरची लापशी

“ढवळ, ढवळ! पातेल्यापाशी पुतळ्यासारखा काय उभा राहिलास?” शेजारची बोर्गहिल दारातूनच ओरडली.

हाल्वोरनं लाकडी पळी दोन्ही हातांनी धरली आणि आंबट साय ढवळायला घेतली. जून लागला होता, खोऱ्यात गवत माजलं होतं. पण डोंगरमाथ्यावर बर्फ तसंच होतं आणि वाऱ्यानं हात गारठत होते. त्याला मात्र घाम फुटला होता.

काल ओढ्यापलीकडच्या वाडीवर त्याची लेक सिनोव्हे बाळंत झाली. मुलगी झाली! बाळंतिणीला गावातल्या बाया सायीची लापशी नेतात, पण माहेरची लापशी आईनं न्यायची. आणि सिनोव्हेची आई, गुनवोर, याच हिवाळ्यात गेली होती.

“मी करून देते की. मग शेजारीण असते कशाला?”

“तुझी तू ने. सासरच्या सगळ्या बायका भरल्या हातानं येणार आणि माझ्या पोरीचं माहेर तेवढं रिकामं? ते काही नाही.”

“अरे, जन्मभर आयती खाल्लीस. कधी करताना पाहिलीस?”

“चव तर ठाऊक आहे! गुनवोरची लापशी कधी म्हणून करपली नाही.”

बोर्गहिलनं कपाळाला हात लावला. पीठ पडलं, साय रटरटली आणि एकदम कडेनं पिवळंधमक तूप सुटलं.

“सुटलं! बघ, सुटलं!” हाल्वोर पोरासारखा नाचला. पळी वर धरून त्यानं बोर्गहिलला आत ओढून आणलं, तूप काढून वाटीत घेतलं, तिला चारदा दाखवलं. तेवढ्यात खाली लागलंच. वास आला.

“अगं बाई! हलवू नकोस, वरची-वरची काढ—”

पण ती बोलेपर्यंत त्यानं घाबरून बूड खरवडलं आणि सगळं लाकडी डब्यात ओतलं; करपलेले पापुद्रे तळाशी गेले. घरात दुसरी साय नव्हती.

ओढ्याच्या पुलावर तो थांबला. परत फिरावं असं फार वाटलं. मग शिवी हासडून पुढे निघाला.

सिनोव्हेच्या उशाशी लापशीचे चार रंगीत डबे आधीच मांडलेले होते. कुशीत बाळ झोपलेलं. हाल्वोरनं बाळाकडे वाकून पाहिलं आणि आपला डबा लेकीच्या पुढ्यात ठेवला. लेकीनं डब्याचं झाकण उघडलं आणि वास घेतला.

“करपलीय गं,” तो म्हणाला. “खाऊ नकोस. रीत म्हणून आणली आपली.”

तिनं चमचा थेट तळाशी घातला. एक तांबूस पापुद्रा तोंडात टाकला आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“बाबा, आईचीच आहे ही.”

“काहीतरीच. तिची कधी करपली नाही.”

“दर वेळी करपायची! वरची-वरची तुम्हाला वाढायची. मग चुलीपाशी उभ्या राहून आम्ही दोघी खरवड खायचो. शेवटच्या घासावरून भांडायचोसुद्धा.”

हाल्वोरनं डब्यात डोकावून पाहिलं. मग त्याला हसू फुटलं, इतकं की बाळ दचकून हललं. त्यानं टोपी काढली, शेजारच्या डब्यातला चमचा उचलला आणि खाटेच्या कडेवर टेकला.

“सरक जरा,” तो म्हणाला. “वरची तू खा. मला तळातली दे.”

सिनोव्हेनं डबा छातीशी ओढून घेतला.