यादीच्या डोक्यावरचा आकडा

आमच्या इस्पितळाचे उपअधीक्षक लियाओ यांनी मला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. अहवालाच्या शेवटी एक ओळ रिकामी होती : चूक कोणाच्या हातून झाली.

"एकच नाव लिहा, पेंगबाई," ते म्हणाले. "त्सेंग महिनाअखेरीला निवृत्त होतोच आहे. त्याचं काय बिघडणार?"

दरीतल्या नानकेंगच्या छोट्या इस्पितळात एक बाई बाळंतपणात रक्त जाऊन मेली होती. एकोणतीस वर्षांची. तिच्या रक्तगटाच्या सहा पिशव्या आमच्याकडे शहरात होत्या. त्या पोचल्या तेव्हा तिला जाऊन अर्धा तास झाला होता. काय घडलं ते मला ठाऊक होतं, लियाओंना ठाऊक होतं, माझ्या हाताखालच्या त्सेंगकाकांना ठाऊक नव्हतं. ते त्यांना कधीच कळू नये, एवढंच आता माझ्या हातात उरलं होतं.

मी जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात संगणक विभागाची प्रमुख. सुरुवातीला आमची एकच इमारत होती आणि नावांचा सर्व्हरही एकच. हा सर्व्हर म्हणजे टेलिफोनची डिरेक्टरी. 'रक्तपेढी' असं नाव विचारलं की ते यंत्र कुठल्या क्रमांकावर आहे ते तो सांगतो, आणि निरोप तिकडे जातो. पुढे दरीतली दवाखाने-इस्पितळं एकेक करत जोडली गेली. तीन झाली, सात झाली, अकरा झाली. आमच्या किनाऱ्यावर भूकंप झाला की तार तुटते आणि वादळ आलं की रस्ता तुटतो. तार तुटली की अकराही ठिकाणं आंधळी व्हायची.

नानकेंगची मुख्य परिचारिका लो श्यु-मेई बैठकीत माझ्यावर खेकसली होती. "ताई, तुमची ती यादी शहरात कुलपात ठेवून आम्हाला काय उपयोग? आमची आम्हाला द्या की एक!"

तिचं खरं होतं. मी आठ महिने खपून आराखडा केला. यादीच्या नकला कुठे ठेवायच्या, किती ठेवायच्या, कोणती नक्कल कोणाला उत्तर देणार, सगळं ठरवलं. दरीत तीन सर्व्हर बसवले, त्यातला एक नानकेंगला. प्रत्येक सर्व्हर दर तासाला मुख्य सर्व्हरला विचारणार : तुझ्या यादीच्या डोक्यावरचा आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे का? मोठा असला तर नवी यादी घेणार. नसला तर गुपचूप परत जाणार आणि जुनीच वापरणार. म्हणून यादीत काहीही बदललं की डोक्यावरचा आकडा वाढवायचा. त्यासाठी मी त्या दिवशीची तारीख घालत असे आणि पुढे दोन अंक, त्या दिवसातला कितवा बदल ते. तारीख रोज मोठीच होत जाते, मग चुकायला जागा कुठे?

"तुमची यादी आणि आमची यादी यांत आता एका अक्षराचा फरक राहणार नाही," मी श्यु-मेईला म्हणाले. असं कोणालाही कधी सांगू नये.

नोव्हेंबरात माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला. मला तिच्याकडे मियाओलीला जावं लागलं. कामं ऐन भरात होती, रक्तपेढी नव्या इमारतीत हलायची होती. यादी मी त्सेंगकाकांच्या हवाली केली. जिल्हा कचेरीत अडतीस वर्षं कारकुनी करून, शेवटच्या दोन वर्षांसाठी ते आमच्याकडे आले होते. अक्षर छापल्यासारखं, स्वभाव मुंगीचा. यंत्रांनी शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे सर्व्हरवर हिरव्या पुडीतला खाऊ ठेवतात, त्या पुडीची मुदत संपायच्या आठवडाभर आधी काका नवी आणून ठेवायचे. चारचौघांत मला 'प्रमुखबाई' म्हणायचे. डबा उघडला की मी त्यांची 'पोरी' व्हायचे आणि माझ्या भातावर त्यांच्या बायकोची मोहरीच्या पाल्याची भाजी पडायची.

"आकडा कसा वाढवायचा, तेवढं सांग," ते म्हणाले.

बस चुकत होती. मी बूट चढवत म्हणाले, "आजची तारीख घालायची, काका. सोपं आहे."

"तारीख घालायला मला शिकवतेस होय गं? जन्म गेला त्यात."

शहाण्याला शब्दाचा मार, असं मनात म्हणत मी निघाले.

जग ज्याला २००८ म्हणतं ते आमच्या सरकारी कागदावर ९७. प्रजासत्ताक स्थापन झालं तेव्हापासून मोजलेलं सत्त्याण्णवावं वर्ष. काकांनी अडतीस वर्षं दुसरं साल लिहिलंच नव्हतं. माझा शेवटचा आकडा दोन हजार आठने सुरू होणारा. त्यांनी घातला तो सत्त्याण्णवने सुरू होणारा. यंत्राला तारीख कळत नाही, मोठं आणि लहान कळतं. तिन्ही नकलांनी दर तासाला विचारलं, आकडा लहान आहे असं पाहिलं आणि परत गेल्या. ना लाल दिवा लागला, ना तक्रार आली. शहरात मुख्य सर्व्हरची यादी ताजी होती, इथे सगळं ठाकठीक चाललं होतं.

पाच डिसेंबरला रक्तपेढी हलली. काकांनी नवा क्रमांक यादीत घातला. जुनं यंत्र मात्र महिनाभर चालूच ठेवा असं मीच लिहून गेले होते, वाटेतला एखादा निरोप हरवू नये म्हणून. करायला गेले काय आणि झालं काय! ते बंद असतं तर निरोप परत फिरला असता आणि चूक तिथल्या तिथे कळली असती.

नऊ तारखेला सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी श्यु-मेईने रक्ताची मागणी पाठवली. एकदा फोनवर रक्तगट चुकीचा ऐकला गेल्यापासून मागणी संगणकावरूनच करायची असा नियम होता. नानकेंगच्या सर्व्हरने तिला जुना क्रमांक दिला. जुन्या रक्तपेढीच्या रिकाम्या तळघरात, बंद दाराआड, जुन्या यंत्राने मागणी घेतली आणि उत्तर पाठवलं : पोचली.

पंचेचाळीस मिनिटांनी तिने न राहवून फोन केला. गाडीला सव्वा तास लागतो.

"पोचली असं लिहून आलं होतं, ताई," मी परत आल्यावर ती मला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "मी तिला सांगितलं, रक्त निघालंय. तिचा हात धरून वाट बघत बसले मी."

त्या बाईची नवजात मुलगी जगली. हे मला सगळे पुन्हा पुन्हा सांगतात.

गुरुवारी दुपारी मी अहवालात माझं नाव लिहिलं. सूचना अपुरी दिली, असं कारण घातलं. लियाओंच्या कारकुनाच्या पोटात काही राहत नाही. तासाभरात त्सेंगकाका दारात उभे, घामेजलेले, बगलेत निळी वही.

"हा काय मूर्खपणा, पोरी? तुझ्यावर खापर फोडतात? तू तर इथे नव्हतीस!"

"काका, राहू द्या. झालं ते झालं."

"का राहू द्या? हे बघ, मी पुरावा आणलाय." त्यांनी वही माझ्या टेबलावर उघडली. "तू सांगितलंस तसंच केलं मी. अकरा बदल, अकरा वेळा आकडा. एकदाही चुकलो नाही. रोज लिहून ठेवलंय. दाखव त्या लियाओला, म्हणावं आमच्या खोलीत ढिलाई नाही चालत."

पानावर अकरा ओळी होत्या. प्रत्येकीपुढे बदल काय केला, किती वाजता, आणि आकडा. ९७११२४०१. ९७११२५०१. त्या सुंदर अक्षराकडे माझ्याने बघवेना. मी वही मिटायला हात पुढे केला.

त्यांनी माझा हात अडवला. कारकून माणूस, लपवलेलं कागदावर आधी दिसतं त्याला. अकरा ओळींच्या वर, पुढे चालवायला सोपं जावं म्हणून, त्यांनी माझा शेवटचा आकडाही उतरवून घेतला होता. २००८११२००१. त्यांचं बोट त्या ओळीवर टेकलं, मग खालच्या ओळीवर आलं, मग पुन्हा वर गेलं.

"हा मोठा आहे," ते म्हणाले.

बोट अकरा ओळींवरून एकेक करत खाली उतरलं.

"आणि माझे सगळे लहान."

"काका, चूक माझी. कुठलं साल ते मी सांगितलं नाही."

"साल सांगावं लागतं का कुणाला?" त्यांनी इतक्या हळू विचारलं की ते मला विचारत नव्हते हे उघड होतं. "म्हणजे ती बाई तिथे... ती परिचारिका वाट बघत बसली होती, ती माझ्यामुळे?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. खोटं बोलायची सवय असती तर जमलं असतं. मला रडू फुटलं, आणि तेच त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी वही मिटली, रबर लावलं, ती बगलेत धरली आणि ते गेले. विभागप्रमुखाचं नाव वर गेलं तर इस्पितळच अडचणीत येतं, म्हणून लियाओंनी माझं नाव खोडलं. 'जाळ्यातील अनियमितता' असं छापून अहवाल कपाटात गेला.

एकतीस तारखेला काका निवृत्तीचा अर्ज घेऊन आले. नाव, हुद्दा, सेवेची वर्षं, सगळं त्याच छापील अक्षरात भरलेलं. सहीसुद्धा केलेली. खाली तारखेचा रकाना तेवढा कोरा होता.

"तारीख राहिली, काका."

त्यांनी लेखणी माझ्यापुढे धरली.

"तू घाल," ते म्हणाले. "मला विचारू नकोस."

मी ९७ लिहिलं. कागद सरकारी होता, त्यावर तेच बरोबर होतं.